बिरूचं बीज

भवानी पेठेतल्या हाडांच्या दवाखान्यात डॉक्टर देवयानीनं शुद्ध मराठी बोलायचा हट्ट धरला नसता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. चांगली डॉक्टर हो ती, हाताला गुण होता आणि पेशंटच्या अंगावर कधी खेकसत नव्हती. पण तिचे वडील शाळेत मराठीचे मास्तर. पोरगी हाडांची डॉक्टर होऊन सोलापुरात परत आली तेव्हा त्यांनी तिला बजावलं होतं, की गरीब माणसाच्या तोंडावर इंग्रजी फेकायचं नाही, त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. पोरीनं ते मनावर घेतलं, आणि नेमकी तिथंच गाडी घसरली.

तिच्यासमोर त्या दिवशी कुंभारी गावचे तिघं बसले होते. एक मायाप्पा, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, तोंडात शब्द मोजके. दुसरी त्याची बायको अंबुबाई, जी दोघांच्या वाटचं बोलायची. आणि तिसरा त्यांचा एकुलता एक पोरगा बिरुदेव, चोवीस वर्षांचा, घरात त्याला सगळे बिरूच म्हणायचे. मेंढरांचं घर. शंभरावर मेंढरं होती, आणि मेंढरं म्हणजे दिवसाला चार-पाच कोस पायपीट आलीच. मायाप्पाला दोन वर्षांपासून छातीत दम धरवत नव्हता, तेव्हा सगळं फिरणं बिरूच्याच पायांवर आलं होतं.

आणि ते पायच आता दगा देत होते. दसऱ्यापासून बिरू लंगडायला लागला होता. अंबुबाईनं तेल चोळलं, वीट तापवून शेकलं, मुरगळलेला पाय चोळून उतरवणाऱ्या बाईकडं नेलं, काही उपयोग झाला नाही. दिवाळी झाल्यावर मग इथं आणलं.

देवयानीनं खुब्याचा फोटो उजेडाला धरून दाखवला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बिरू ऑक्सिजनवर होता, मरता मरता वाचला. वाचवायला जी औषधं दिली होती, त्यांचा राग कधी कधी हाडावर निघतो म्हणे, आणि तोसुद्धा दोन-अडीच वर्षांनी. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा असतो, त्याला जाणारं रक्त आटलं होतं. दोन्ही बाजूंना. उजवीकडं जास्त, डावीकडं थोडं.

"पण गोळा अजून गोल आहे," देवयानी म्हणाली. "खचलेला नाही. एकदा खचला की मग कृत्रिम सांधाच बसवावा लागतो, आणि चोवीस वर्षांच्या मुलाला मी तो इतक्यात बसवणार नाही. आता वेळ आहे, मावशी. दोन महिन्यांपलीकडं थांबू नका."

इथवर अंबुबाईला सगळं अगदी स्वच्छ कळलं. वाळत चाललेलं झाड कुणाला कळत नाही?

"मग करायचं काय म्हनता?" तिनं विचारलं.

आता स्टेम सेल म्हणावं की नाही, यावर देवयानी क्षणभर अडली. तिला वडील आठवले. मराठीत त्याला मूळपेशी म्हणतात, आणि तो शब्द नेमका त्या वेळी तिच्या डोक्यातून निसटला. त्याच्या जागी दुसराच एक शब्द आला, आणि तो सापडल्याचा तिला आनंदच झाला.

"सोपं आहे," ती म्हणाली. "बाहेरचं काही घालायचं नाही. ह्यांच्याच कमरेतली मज्जा काढायची."

अंबुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. मायाप्पा जमिनीकडं बघत होता.

"मज्जा?"

"हो, मज्जा. त्या मज्जेत बीज असतं. बीजपेशी. ते बीज आपण सुईनं काढून घ्यायचं आणि वाळलेल्या गोळ्यात सोडायचं. तिथं ते नवं हाड धरतं. सगळ्यांना लागू पडेलच असं मी म्हणणार नाही, पण लवकर केलं तर बऱ्याच जणांचा गोळा टिकतो."

"बीज काढायचं," अंबुबाई सावकाश म्हणाली.

"हो."

"पोराचं."

"ह्यांचंच चालतं. दुसऱ्याचं नाही चालत."

"मग ते... पुना येतं का?"

"थोडंच काढतो की, मावशी. काही फरक पडत नाही. भूल देऊन करतो, कळणारसुद्धा नाही. चार दिवस दुखेल. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, काठ्या घेऊन चालायचं. मग हळूहळू हिंडायला लागतील." देवयानीनं कागद पुढं ओढला. "लग्न झालंय का ह्यांचं?"

"ठरलंय. वैशाखात हाय. माढ्याकडची पोरगी हाय."

"मग लग्नाआधीच उरकून टाका. नंतर नाही जमत माणसाला."

बिरूचे कान लाल झाले. मायाप्पा उठून बाहेर गेला.

आता तुम्ही-आम्ही हे ऐकलं तर फार तर डोकं खाजवू. पण धनगराच्या कानानं ऐकून बघा. कळपात बीजाला एक-दोन नर ठेवतात, जातिवंत बघून. बाकीच्या नरांचं बीज काढतात, म्हणजे मग ते मारामाऱ्या करत नाहीत, गुमान चरतात, अंगानं भरतात. त्याला बडवणं म्हणतात, आणि बडवण्यात मायाप्पाचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. चार गावांहून बोलावणी यायची. बडवून झालं की तो मालकाला नेहमी एकच सांगायचा, "थोडं दुखंल. चार दिवस पाय फाकून चालंल. मग लागंल हिंडायला." डॉक्टरीणबाईनं शब्दाला शब्द तेच सांगितलं होतं, आणि वर लग्नाआधी उरका म्हणून सल्लाही दिला होता.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये तिघंही गप्प होते. अंबुबाई गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलं, हे जीपवाल्यालासुद्धा कळलं. कुंभारीत उतरल्यावर, घराकडं चालता चालता, तिनं बिरूला पुढं जाऊ दिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आयकलं न्हवं?"

"आयकलं."

"मग?"

मायाप्पानं पटका काढून झटकला आणि पुन्हा बांधला. "तूच ठरीव," तो म्हणाला.

तिनं ठरवलं. तिला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. तीन पोरी होऊन गेल्या होत्या तिच्या, एकही चार महिन्यांवर जगली नव्हती. मग हा बिरू. ह्याच्या पाठी कोणी झालं नाही. ह्या एकाच्या अंगावर सगळं घर उभं होतं, आणि त्याचंच बीज काढून त्याच्याच खुब्यात घालायचं? पाय लंगडा राहिला तर राहू दे, लंगड्याला पोरं होतात. ह्या हिशोबात कुणीही आई चुकीची ठरली नसती. फक्त मुळात तो हिशोबच चुकलेल्या शब्दावर मांडलेला होता.

आणि अशी गोष्ट, की कुणाला विचारायचीही सोय नाही. भावकीत बोलावं तर उद्या माढ्यापर्यंत बातमी जाणार, की पोरात काही खोट आहे. सोयरीक मोडायला तेवढं पुष्कळ. म्हणून तिनं बिरूला चुलीपाशी बसवून एवढंच सांगितलं, "ते डॉक्टरीणबाईचं आपल्याला करायचं न्हाय. कुणी इचारलं तर पाय मुरगाळलाय म्हनायचं."

बिरूनं तिच्याकडं बघितलं. मग दाराशी दम खात बसलेल्या बापाकडं बघितलं. "बरं, अव्वा," म्हणाला.

पोरगा किती सोसतोय, असं तिला वाटलं. तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

पुढं मेंढ्या व्यायला लागल्या. व्याण्याचे दिवस म्हणजे घरात कुणाला बूड टेकायला सवड नसते. ओली पिल्लं पुसायची, दूध न पाजणाऱ्या मेंढीला धरून ठेवायचं, अडलेलीला सोडवायचं. शिवाय शेतकऱ्यांच्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवायचे सौदे आधीच ठरलेले. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. बिरू काठी टेकत टेकत सगळीकडं जायचा. सकाळी निघताना उजवा पाय ओढायचा, आणि तिन्हीसांजेला येताना दोन्ही.

डॉक्टरीणबाईचा फोन यायचा. नंबर अंबुबाईच्याच मोबाईलचा दिला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या नंबरच्या शेवटी एकापुढं एक तीन शून्यं होती, ती तिनं चांगली ध्यानात ठेवली होती. तीन शून्यं दिसली की ती फोन कापायची. एकदा चुकून उचलला, तर "रांग नंबर" म्हणून ठेवून दिला. ह्या बाईला आमच्याच पोराचा एवढा कसला पुळका, असं तिला वाटायचं, आणि रागही यायचा. खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटायची.

माघ लागला. मेंढ्या व्याल्या, पिल्लं उड्या मारायला लागली, आणि मागच्या सालातले जे नर बडवायचे राहिले होते, त्यांचा दिवस मायाप्पानं धरला. घरामागच्या लिंबाखाली काम चालायचं. बिरूनं नर दोन्ही गुडघ्यांत धरायचा, मायाप्पानं बसून बडवायचा, आणि अंबुबाईनं हळदीचं तेल घेऊन उभं राहायचं. दरसालची रीत होती.

दोन नर झाले. तिसऱ्याला बिरूनं गुडघ्यांत धरला. नर दांडगा होता, त्यानं अंग झोकलं. आणि बिरूच्या तोंडातून असा काही आवाज निघाला, की मायाप्पाच्या हातातला दांडका खाली पडला. नर सुटून पळाला. बिरू मातीत बसला होता, दोन्ही हातांनी उजवी मांडी धरून, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

अंबुबाईला वाटलं, तिला सगळं कळलं. बडवायचा नर बघून पोराला आपलं आठवलं. चोवीस वर्षांचा बाप्या आई-बापासमोर रडतो, ते उगाच नाही. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "रडू नगंस. तुला कुनी हात लावनार न्हाय. मी बसलीया हितं."

बिरूनं कळ सोसायला दात घट्ट आवळले होते.

दोघांनी त्याला उचलून सावलीला बाजेवर टाकलं. आणि नेमकं तेव्हाच कमरेला खोचलेला मोबाईल वाजायला लागला. अंबुबाईनं बघितलं. तीन शून्यं.

ह्या वेळी तिनं कापला नाही. तीन महिन्यांचा राग साठला होता. ती गोठ्याच्या आडोशाला गेली आणि फोन कानाला लावला.

"मावशी, मी देवयानी. ठेवू नका, एक मिनिट. बिरुदेव कसे आहेत?"

"चांगला हाय. त्याचं सगळं जागच्या जागी हाय, आन तसंच ऱ्हानार. तुमच्या हाताला लागायचा न्हाय त्यो."

"मावशी, अहो पण त्यांचा पाय..."

"पाय गेला तर जाऊ दे की. तुमी एवढ्या शिकल्या-सवरल्या, तरन्याताठ्या पोराचं बीज काढायला निगाला? लाज न्हाय वाटत? आमचा वंस बुडवून पाय नीट करायचा व्हय? बडवायचंच आसतं तर घरातला बाप काय कमी हुता? चार गावं बडवून येतूय त्यो."

पलीकडं देवयानी गोंधळली. "बडवणं म्हणजे? मारणं?"

बडवणं म्हणजे काय, ते अंबुबाईनं सांगितलं. ज्या शब्दांत सांगितलं ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत, पण मास्तरांच्या मुलीला त्या दिवशी मराठीचा एक राहिलेला धडा मिळाला.



"मावशी," देवयानी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुम्ही मटण करता तेव्हा नळी फोडता ना?"

"मटनाचं काय हितं?"

"नळी फोडल्यावर आत काय निघतं?"

"काय निगनार? मगज."

"तोच, मावशी. तोच काढायचा होता. कमरेच्या मागच्या हाडातून, सुईनं, एक वाटीभर. त्याला मज्जा म्हणतात. मी त्यातल्या कणांना बीज म्हणाले, ते चुकलं माझं. दुसरं काही काढायचं नव्हतं. तिथं हातसुद्धा लावायचा नव्हता."

अंबुबाई गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसली. समोर एक पिल्लू येऊन तिच्या लुगड्याचा काठ चघळायला लागलं, तिला भान नव्हतं.

"खरं बोला," ती म्हणाली.

"तुमच्या पोराची शपथ घेऊन सांगते."

"मग बीज का म्हनला ओ तुमी? मगज म्हनला आसता तर त्याच दिशी आडवा केला आसता मी त्येला तुमच्यापुडं."

देवयानी म्हणाली, "आज आणा. आत्ता निघा. मी थांबते."

दीड तासात ते भवानी पेठेत पोचले. दवाखान्याच्या दारात पोऱ्यानं चाकाची खुर्ची आणली, पण बिरू काही तिच्यात बसेना. मला चालता येतंय म्हणाला, आणि भिंतीला धरत धरत फोटोच्या खोलीपर्यंत गेला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. अंबुबाई मागं चालत होती आणि त्याच्या प्रत्येक पावलाला तिच्याच अंगात कळ येत होती.

फोटो आले. देवयानीनं पुन्हा ते उजेडाला धरले. दिवाळीचे एका बाजूला, आजचे एका बाजूला. दाखवायची गरज नव्हती. उजवीकडचा गोळा वरून बसला होता, पावसात भिंतीची माती बसते तसा.

"उजवा खचला," देवयानी हळू आवाजात म्हणाली. "बहुतेक आज सकाळीच. आता त्यात काही सोडून उपयोग नाही. काही वर्षं ढकलू, मग सांधा बसवावा लागेल. पण डावा अजून गोल आहे. डावा वाचवता येईल असं मला वाटतं. तो उद्याच करू."

अंबुबाईनं विचारलं, "दिवाळीला केलं आसतं तर?"

देवयानी खोटं बोलू शकली असती. नाही बोलली. "तर उजवाही राहिला असता, बहुतेक."

अंबुबाई उठली आणि डॉक्टरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं.

"माजा काढा," ती म्हणाली. "माज्या कमरेतनं काढा काय काढायचं ते, आन उजव्यात घाला. चूक माजी हाय. मी फोन कापलं. मीच त्येला हितं येऊ दिला न्हाय. त्येची हाडं माज्याच पोटात घडली की ओ, मग माजा मगज का चालनार न्हाय?"

"नाही चालत, मावशी," देवयानी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि चूक तुमची एकटीची नाही. शब्द माझा होता."

"शबूद तुमचा, पर अडवला मी. आईच वैरीन झाली पोराची. मीच."

ती हे असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मायाप्पा दाराशी घोंगडं चुरगाळत उभा होता. बिरू तपासायच्या बाकावर बसला होता, खाली मान घालून. आणि आई तिसऱ्यांदा वैरीण म्हणाली, तेव्हा त्याला ते सोसवलं नाही.

"अव्वा, गप की," तो म्हणाला. "तुजी चूक न्हाय. मला ठाव हुतं."

"काय ठाव हुतं?"

"बीज म्हंजी काय ते. दुसऱ्याच दिशी मोबाईलवर बगितलं मी. हाडातला मगज काढत्यात, त्यो घालत्यात. सगळं बगितलं. राजनंदिनीला बी सांगितलं."

राजनंदिनी म्हणजे ती माढ्याकडची ठरवलेली मुलगी. खोलीत सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"ती म्हनली करून घे," बिरू म्हणाला. "लई भांडली. आठ दिस बोलली न्हाय माज्याशी."

"आन मी... तुला रडताना बगितलं म्या, आज सकाळी..."

"खुबा मोडल्यावानी झाला, म्हून रडलो. दुसरं काय न्हवतं."

अंबुबाईला आपण कुठं उभे आहोत तेच कळेना. तीन महिने ती ह्या पोराची अब्रू पदराखाली झाकून हिंडली. भावकीपुढं खोटं बोलली, रात्रंदिवस त्याच्यासाठी आतल्या आत तुटली. आणि ह्याला सगळं ठाऊक होतं.

"मग बोलला का न्हाईस रं?" ती म्हणाली. "तोंडाला काय कुलूप हुतं?"

बिरूनं आधी दाराशी उभ्या बापाकडं बघितलं, आणि मग परत खाली मान घातली.

"सहा आटवडं पाय टेकायचा न्हाय म्हनल्या म्याडम. मेंढ्या व्यायच्या हुत्या. मग कळपामागं कोन गेलं आसतं? आप्पाच गेलं आसतं. आप्पाला गोठ्यातनं हिरीवर जायाचं म्हनलं तरी दम लागतूय. परवाच्या साली रानात पडलं हुतं, तुला सांगितलं न्हाय आमी. तू न्हाय म्हनलीस, ते बरंच झालं म्हनलं मी. तुज्या न्हाय म्हनन्याच्या आड बसलो. शिमगा झाला की सांगू, करून घेऊ, आसं मनात हुतं. गोळा एवढी कड काडंल वाटलं हुतं मला."

अंबुबाई त्याच्यापाशी गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत, दवाखान्यातली दोन माणसं दारातून डोकावली. बिरूनं तोंड फिरवलं नाही. मग तिनं त्याच गालावर हात ठेवला आणि तो तसाच धरून राहिली, आणि सकाळपासून न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.

"मला सांगायचं हुतंस," ती रडत म्हणाली. "आरं, मी काय मेली हुती का? मला पाय न्हाईत व्हय? मी गेली नसती मेंढरामागं?"

हे खरोखरच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ना बिरूच्या, ना मायाप्पाच्या. तिच्या स्वतःच्याही नाही. बाईनं पिल्लं बघायची, दूध बघायचं, बिऱ्हाड बघायचं. कळपामागं बाप जातो नाहीतर लेक. त्या रीतीत एक हाड खचून गेलं.

मायाप्पा दारातून आत आला. त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि बिरूच्या अंगावर टाकलं. खोलीत गारठा नव्हता, पण त्याला दुसरं काही करायला सुचलं नसावं.

"माज्यासाटी," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला जमलं नाही. मग तो देवयानीकडं वळला. "म्याडम, सहा का? धा आटवडं म्हना. बारा म्हना. डावा टिकला पायजे."

"टिकवू, मामा," देवयानी म्हणाली. "मी माझ्याकडून सगळं करीन. पुढचं त्यांच्या हाडावर आहे."

कागद पुढं आला. अंबुबाईनं अंगठा उठवायच्या आधी त्यातली एकेक ओळ देवयानीकडून वाचून घेतली. मराठीत नको, म्हणाली, आधी इंग्रजीत काय ते सांगा, मग त्याचं आमच्यात काय हुतंय ते आमी बगू. देवयानीनं सगळं सांगितलं. जिथं मज्जा होतं तिथं मगज म्हणाली, आणि स्टेम सेलला स्टेम सेलच म्हणाली. मायाप्पा सोनाराकडं मणी बघावा तसा एकेक शब्द ऐकत होता.

वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. खुर्ची पुन्हा दाराशी आणून ठेवली होती. बिरूनं तिच्याकडं बघितलं आणि सवयीनं भिंतीकडं हात केला. तीन महिने त्यानं हेच केलं होतं. भिंत धरायची, काठी धरायची, झाडाला हात लावायचा, आणि कुणाला दिसू द्यायचं नाही की आपल्याला उभं राहवत नाही.

"भितीला सोड," अंबुबाई म्हणाली. "हिकडं टाक."

"अव्वा, जड हाय मी."

"माज्यापेक्षा जास्त कुनाला ठाव हाय ते? टाक म्हनते न्हवं."

ती त्याच्या बगलेखाली शिरली. बिरू आधी अर्धाच झुकला, मग जरा अजून. आणि मग त्यानं दोन्ही पायांवरचा सगळा भार काढून आईच्या खांद्यावर टाकला आणि डोळे मिटून घेतले. लई जड झाला होता पोरगा. तिचे गुडघे वाकले, पण तिनं पाय रोवले आणि ती हलली नाही.